महिन्याच्या हिशोबात औषधाचा रकाना

वस्तीत रक्तदाब तपासायला बसलो की आम्ही आधी तारीख पाहतो. १० तारखेनंतर आठवडाभर आकडे बरे येतात. २५ नंतर माणसे तीच, यंत्र तेच, पण आकडा १७०-१८०च्या घरात. विचारले की हळूच उत्तर मिळते, "ताई, गोळी एक दिवसाआड घेते. पगार झाला की आणते." या बाईला गोळी कशासाठी आहे ते नीट ठाऊक असते. तिच्या हिशोबात गोळीला जागाच ठेवलेली नसते.

मागच्या बैठकीत आम्ही अशाच एका घराचा महिना कागदावर मांडला. ताई चार घरची धुणीभांडी करतात, दादा कंत्राटी सफाई कामगार. दोघांचे मिळून २१,००० रुपये. घरभाडे ६,५००, किराणा-भाजी-दूध ६,०००, गॅस आणि लाईटबिल १,९००, मुलांची शाळा-शिकवणी २,०००, बस-रिक्षा १,२००, बचत गटाचा हप्ता १,५००, मोबाईल ६००. कागदावर १,३०० शिल्लक, आणि प्रत्यक्षात २२ तारखेलाच किराणा दुकानात उधारी! मग दादांनीच मान खाली घालून सांगितले, गुटख्याचे रोज ३० रुपये. म्हणजे महिन्याला ९००. (गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी वस्तीच्या तोंडाशी मिळतो.)

उरलेल्या ४०० रुपयांत १४ एप्रिलची वर्गणी, पाहुणे, लग्नाचा आहेर, नागपूरचा प्रवास. हे खर्च अचानक येत नाहीत. ऑक्टोबरात दीक्षाभूमीला जायचे हे आपल्याला जानेवारीतही माहीत असते. वर्षाची बेरीज करून १२ने भागायची, तेवढी रक्कम दरमहा बाजूला काढायची.

सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत. एक उपभोगाला, दोन व्यवसायाला, एक अडीअडचणीसाठी. हे सांगितले की बायका आमच्याकडे पाहून हसतात. २१,००० मधून सव्वापाच हजार कोण मागे टाकणार? आमचे मत असे की प्रमाण जमत नसेल तर राहू द्या, चौथ्या भागाचा हेतू धरा. पगाराच्या दिवशी ३०० रुपये वेगळ्या डब्यात, आणि डब्यावर नाव औषधाचे. ज्या दिवशी तांदूळ भरता त्याच दिवशी महिन्याच्या गोळ्या आणा.

रक्तदाब आणि शुगरच्या नेहमीच्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. तिथे साठा संपलेला असतो असेही होते. अशा वेळी जनऔषधी केंद्र गाठा. डॉक्टरांना चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहायला सांगा, म्हणजे तीच गोळी स्वस्तात मिळते. आपल्या मनाने मात्र गोळी बदलू नका, अर्धी करू नका.

कंत्राटदार पगारच २० तारखेला देतो तेव्हा कुठलाही हिशोब कोलमडतो, हे आम्हाला मान्य आहे. त्यासाठी भांडावेच लागेल, आणि ते भांडण आम्ही सोडलेले नाही. पण तोवर लकवा कोणासाठी थांबत नाही. आमच्या ओळखीचे दोन कर्ते पुरुष याच वर्षी अंथरुणाला खिळले. दोघांनीही गोळ्या मधेच सोडल्या होत्या.

त्या ताईंच्या घरी आता कॅलेंडरवर १० तारखेखाली लाल पेनाने ‘गोळी’ लिहिले आहे. दादांचा गुटखा सुटलेला नाही, १५ रुपयांवर आला आहे.