मॉरिशसची पंगत

अनेक जमातींच्या देशात आधी मने जुळावीत आणि मग विकास व्हावा, की विकास झाला म्हणजे मने आपोआप जुळतात? हा वाद जुना आहे. मॉरिशसच्या अनुभवाने दोन्ही पक्षांना अर्धेच खरे ठरविले आहे.

१२ मार्च १९६८ रोजी हे बेट स्वतंत्र झाले, तेव्हा त्याच्या भवितव्याविषयी आशा बाळगणारे थोडेच होते. उसावाचून दुसरा आधार नाही, लोकसंख्या वाढती. १९६७ च्या निवडणुकीत सुमारे ४४ टक्के मते स्वातंत्र्यवादी आघाडीच्या विरोधात पडलेली. आणि स्वातंत्र्याच्या तोंडावर पोर्ट लुईमध्ये क्रिओल व मुस्लिम यांच्यात दंगल उसळून ब्रिटिश सैन्य बोलवावे लागलेले! अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड यांनी तर १९६१ मध्येच निराशेचा सूर लावला होता.

तरीही बेट सावरले. मोठे मळे व साखर कारखाने प्रामुख्याने फ्रेंच वंशाच्या मूठभर कुटुंबांकडे होते आणि सत्ता आली ती मुख्यतः त्याच मळ्यांत राबलेल्या भारतीय मजुरांच्या वंशजांकडे. सूड उगविणे सोपे होते. परंतु सर शिवसागर रामगुलाम यांच्या सरकारने मळे हिसकावले नाहीत. साखरेच्या निर्यातीवर कर घेतला, १९७० पासून निर्यातीसाठी माल बनविणाऱ्या कारखान्यांना सवलती दिल्या आणि १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत केले. एकाच्या ताटातले काढून दुसऱ्याला वाढण्याऐवजी पंगतच वाढविली, हे या धोरणाचे मर्म होय.

पण त्या पंगतीत सर्वांच्या पानात सारखे पडले नाही. फेब्रुवारी १९९९ मध्ये काया या लोकप्रिय क्रिओल गायकाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला आणि बेट पेटले. भरभराटीच्या काळात मागे राहिलेल्या जमातीचा साचलेला संताप त्यातून बाहेर पडला. विकासाने जमातीची जाणीव पुसली जात नाही, हे त्या दिवसांनी दाखवून दिले.

राज्यघटनेनेही ती जाणीव जपली आहे. हिंदू, मुस्लिम, चिनी वंशाचे आणि उर्वरित 'सामान्य जनता' असे चार गट तिने मानले. कोकणातून गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज यांपैकी हिंदू गटात मोडतात. गटांना प्रतिनिधित्व मिळावे म्हणून संसदेत ८ जादा जागांची सोय झाली. पण त्यांच्या वाटपाचा आधार राहिला तो १९७२ ची जनगणना. पुढील जनगणनांत जमात विचारणेच बंद झाले. एकीकडे जमात विसरा म्हणायचे आणि दुसरीकडे जुन्या आकड्यांवर जमातीचा वाटा ठरवायचा, ही विसंगती होती.

तेव्हा धडा असा: आर्थिक विकास ऐक्य देत नाही, तो ऐक्यासाठी उसंत देतो. मागे राहिलेल्यांना पंगतीत बसविण्यासाठी त्या उसंतीचा उपयोग केला नाही, तर वाढलेली संपत्तीच उद्याच्या कलहाचे कारण होते.