‘पुढे कोण?’ जरूर विचारा, ‘का गेला?’ राहू द्या

३१ मे २०२५ रोजी बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकथा मालिकेचा ‘द रिअॅलिटी वॉर’ हा भाग प्रसारित झाला. त्याच्या अखेरीस शूटी गॅटवा यांचा डॉक्टर सोनेरी उजेडात विरून गेला आणि त्याच उजेडातून बिली पायपर यांचा चेहरा समोर आला. वीस वर्षांपूर्वी याच मालिकेत डॉक्टरची सोबतीण रोझ टायलर त्यांनीच रंगवली होती. श्रेयनामावलीत पायपर यांचे नाव आले. कोणत्या भूमिकेत, ते मात्र लिहिलेले नव्हते. याआधीच्या बदलांच्या वेळी नव्या कलाकाराच्या नावासोबत ‘डॉक्टर’ हा शब्द असे. या वेळी तो गाळला गेला आणि त्या रिकाम्या जागेत चाहते आपापले उत्तर भरू लागले.

त्याआधी कित्येक महिने ब्रिटिश टॅब्लॉइड वृत्तपत्रांतून गॅटवा जाणार, मालिका बंद पडणार अशा बातम्या येत होत्या. गॅटवा खरोखरच गेले. ऑक्टोबरमध्ये डिस्नेसोबतची भागीदारी संपल्याचेही जाहीर झाले. मालिका मात्र पुढे चालू राहील, असे बीबीसीने सांगितले. म्हणजे अफवांपैकी काही खरे ठरले, काही खोटे. या गदारोळात प्रेक्षकांच्या तोंडी दोन प्रश्न एकत्रच येतात: ‘पुढे कोण?’ आणि ‘हा का गेला?’ ते जुळ्या भावंडांसारखे दिसतात, पण त्यांचे स्वभाव वेगळे आहेत. चाहत्यांची अंदाजबाजी मालिकेला पोसते की पोखरते, हे ठरवायचे तर आधी हे दोन प्रश्न वेगळे करावे लागतात.

‘डॉक्टर हू’मध्ये कलाकार बदलणे हा अपघात राहिलेला नाही, तो कथेचाच नियम आहे. २३ नोव्हेंबर १९६३ रोजी मालिका सुरू झाली, तेव्हा असा कोणताही नियम नव्हता. निर्मात्या व्हेरिटी लॅम्बर्ट आणि लखनौत जन्मलेले तरुण दिग्दर्शक वारिस हुसेन यांनी विल्यम हार्टनेल या अनुभवी नटाला पटवून या भूमिकेसाठी आणले. पहिल्याच पर्वात ४२ भाग झाले, म्हणजे जवळजवळ वर्षभर आठवड्याला एक. हार्टनेल यांची प्रकृती ढासळत गेली, संवाद लक्षात राहीनात. नायक थांबणार, पण मालिका लोकांना हवी होती. तेव्हा चालकांनी असा तोडगा काढला की डॉक्टर परग्रहावरचा आहे, तर त्याचे शरीरच बदलू द्यावे. २९ ऑक्टोबर १९६६ रोजी हार्टनेल यांचा चेहरा पडद्यावर विरला आणि तेथे पॅट्रिक ट्राउटन दिसले. त्या भागाची प्रत आज उपलब्ध नाही. कायापालटाचे ते काही क्षण तेवढे उरले आहेत, तेही ‘ब्लू पीटर’ या मुलांच्या कार्यक्रमात पुढे दाखवले गेले म्हणून. या कायापालटाला ‘रीजनरेशन’ हे नाव १९७४ साली मिळाले. एका नटाच्या आजारपणातून निघालेली वाट साठ वर्षांचा राजमार्ग झाली.

जी मालिका स्वतःच प्रेक्षकाला सांगते की हा चेहरा कायमचा नाही, तिच्या प्रेक्षकाने पुढच्या चेहऱ्याचा विचारही करू नये, असे म्हणता येणार नाही. शिवाय हा विचार वरवरचा नसतो. अमुक नट डॉक्टर म्हणून शोभेल असे कोणी म्हणते, तेव्हा ती व्यक्ती डॉक्टर म्हणजे काय, याबद्दलच बोलत असते: तो आजोबांसारखा असावा की मित्रासारखा, वात्सल्याने वागणारा असावा की धाक वाटणारा, ब्रिटिश अभिजनांतला असावा की त्यांच्या बाहेरचा. चाहते करतात ती ही समीक्षाच आहे.

या समीक्षेने इतिहासही घडवला आहे. १९८० साली टॉम बेकर यांनी भूमिका सोडताना, पुढचा डॉक्टर पुरुष असेल किंवा स्त्री, अशा अर्थाचे बोलून वार्ताहरांना चकित केले होते. १९८६ साली मालिकेच्या जनकांपैकी एक असलेल्या सिडनी न्यूमन यांनी बीबीसीच्या मायकेल ग्रेड यांना पत्र लिहून डॉक्टरची भूमिका एखाद्या स्त्रीला द्यावी, असे सुचवले. १९९९ साली धर्मादाय कार्यक्रमासाठी स्टीव्हन मोफॅट यांनी लिहिलेल्या एका विडंबनात जोआना लम्ली काही क्षण डॉक्टर झाल्या. आणि १६ जुलै २०१७ रोजी, विम्बल्डनचा पुरुषांचा अंतिम सामना संपल्यावर, जोडी व्हिटेकर यांचे नाव जाहीर झाले. त्यावर पूर्वीचे दोन डॉक्टरही एकमताचे नव्हते. मुलांसमोरचा एक आदर्श हरपेल, ही पीटर डेव्हिसन यांची चिंता होती. कॉलिन बेकर यांनी निवडीचे स्वागत केले. पुढच्या वर्षी व्हिटेकर यांचा पहिला भाग ब्रिटनमध्ये सुमारे १ कोटी ९ लाख लोकांनी पाहिला. सदतीस वर्षे कल्पनेची चर्चा होत राहिली, म्हणूनच प्रत्यक्ष निर्णयाला उभे राहायला जागा मिळाली.

अंदाज बांधणारी मुलेच पुढे मालिका घडवतात, हाही अनुभव आहे. पीटर कपाल्डी शाळकरी वयात या मालिकेबद्दल ‘रेडिओ टाइम्स’ला पत्रे लिहीत, २०१३ साली ते स्वतः डॉक्टर झाले. मालिकेचे पुनरुज्जीवन करणारे रसेल टी. डेव्हिस आणि त्यांच्यानंतर आलेले मोफॅट हे दोघेही बालपणापासूनचे चाहते. या मुलांना कोणी ‘गप्प बसा, जे दाखवू ते पाहा’ असे सांगितले असते, तर मालिकेचेच नुकसान झाले असते.

कुतूहल नीट हाताळले, तर कथेलाही बळ मिळते. २८ जून २००८ रोजी ‘द स्टोलन अर्थ’ हा भाग डेव्हिड टेनंट यांच्या डॉक्टरचा कायापालट सुरू होताच थांबला. आठवडाभर ब्रिटनमध्ये एकच चर्चा होती. ५ जुलैचा पुढचा भाग त्या आठवड्यात देशात सर्वाधिक पाहिला गेला. मालिकेला तो मान प्रथमच मिळत होता. टेनंट त्या वेळी कोठेही गेले नाहीत. प्रेक्षक फसले, पण आनंदाने, कारण तो खेळ कथेच्या आत होता.

आता दुसरी बाजू. ती हलकी नाही.

२६ मार्च २००५ रोजी सोळा वर्षांच्या खंडानंतर ही मालिका नियमित स्वरूपात परतली. ख्रिस्तोफर एक्लस्टन डॉक्टर झाले होते. चारच दिवसांनी बातमी फुटली की ते एका पर्वानंतर जाणार. बीबीसीने घाईने निवेदन काढले आणि एकाच साच्यात अडकण्याची भीती वाटल्याने ते जात आहेत, असे त्यांच्या नावावर घातले. काही दिवसांत बीबीसीला मान्य करावे लागले की ते शब्द एक्लस्टन यांचे नव्हते आणि त्यांच्या जाण्याविषयी बोलायचे नाही, हा करारही मोडला गेला होता. पर्वाच्या शेवटी मुलांना मिळायचा धक्का तर गेलाच, पण त्याहून मोठे नुकसान माणसाचे झाले. जे कारण त्यांनी सांगितलेच नव्हते, ते त्यांना चिकटले. २०१३ च्या सुवर्णमहोत्सवी भागात ते आले नाहीत. या भूमिकेत ते परतले ते २०२१ साली, ध्वनिनाट्यांतून.

‘हा का गेला?’ या प्रश्नाची भूक इतकी मोठी असते की उत्तर नसेल तर ते बनवले जाते. कधी वृत्तपत्र बनवते, कधी चाहते, आणि येथे तर खुद्द संस्थेने बनवले. नट मालिका सोडतो, त्यामागे प्रकृती असेल, घर असेल, पैसा असेल, वरिष्ठांशी न जमणे असेल किंवा दुसरे काम. ट्राउटन यांनी डेव्हिसन यांना तीन वर्षांहून अधिक थांबू नका, असा सल्ला दिला होता; एका भूमिकेची छाप बसली की दुसरे काम मिळत नाही, हे जुन्या नटाचे शहाणपण होते. ज्याचे जळते त्याला कळते. बाहेरच्याने त्यावर तर्क लढवला की तो नटाच्या पुढच्या रोजीरोटीपर्यंत जाऊन पोहोचतो.

‘पुढे कोण?’ हा प्रश्नही सर्वस्वी निरुपद्रवी नाही, हे मान्य करायला हवे. ब्रिटनमध्ये त्यावर पैजा लागतात. २००८-०९ मध्ये पॅटर्सन जोसेफ आघाडीवर असल्याचे बोलले जात होते. निवड झाली २६ वर्षांच्या मॅट स्मिथ यांची. २०१७ मध्ये क्रिस मार्शल यांच्या नावावरच्या पैजा बुकींनी थांबवल्या आणि त्यामुळेच अनेकांना ते नाव पक्के वाटले. ज्या नटाने आपण शर्यतीत आहोत असे कधी म्हटलेही नाही, तो दुसऱ्या दिवशी हरलेला ठरतो. जिंकलेल्याचे स्वागतही ‘हा कोण?’ अशा कपाळावरच्या आठीने होते. स्मिथ यांना ती आठी पुसायला त्यांच्या पहिल्या भागापर्यंत, म्हणजे एप्रिल २०१० पर्यंत, थांबावे लागले.

अंदाजाच्या वेषात मागणीही येते. ‘ती जाणार आहे म्हणे’ या वाक्यातला ‘म्हणे’ पुष्कळदा इच्छेचा असतो. व्हिटेकर आणि गॅटवा यांच्या काळात कथांवरची रास्त टीका आणि लिंग-वर्णावरचा राग एकाच पिशवीत भरून दारात आणून टाकला गेला. कथा फसली असेल तर तसे स्पष्ट म्हणावे. तिची शिक्षा नटाच्या हकालपट्टीच्या अफवेतून देऊ नये.

यावर एक आक्षेप येईल आणि तो विचार करण्याजोगा आहे. बीबीसी ब्रिटिश घराघरातून घेतल्या जाणाऱ्या परवाना शुल्कावर चालते. मालिका टिकणार का, पैसा कोठून येणार, पुढची पर्वे होणार की नाही, हे विचारण्याचा प्रेक्षकाला हक्क आहे. तो हक्क आम्ही पूर्ण मान्य करतो. पण तो संस्थेच्या कारभारावर चालतो. नटाच्या प्रकृतीच्या कागदांवर आणि मनातल्या कारणांवर चालत नाही. अफवा नंतर खरी ठरली म्हणून ती पसरवणे योग्य होते, असेही नाही. अंधारात मारलेला दगड नेमका लागला, तरी तो अंधारातच मारलेला असतो.

मग मार्ग कोणता? सगळे आधीच सांगून टाकले तर गंमत जाते, ही निर्मात्यांची जुनी तक्रार आहे. इतिहास तिला पूर्ण दुजोरा देत नाही. टेनंट यांनी आपण जाणार हे ऑक्टोबर २००८ मध्ये स्वतःच जाहीर केले. त्यांचा अखेरचा भाग १ जानेवारी २०१० रोजी आला. चौदा महिने सगळ्यांना शेवट माहीत होता आणि तरीही तो निरोप आजही मालिकेतल्या सर्वांत हृद्य निरोपांत गणला जातो. जुलै २०२१ मध्ये व्हिटेकर आणि मुख्य लेखक ख्रिस चिबनॉल यांनी तीन पर्वे करून दोघांनी मिळून बाहेर पडायचे, असे सुरुवातीलाच ठरल्याचे सांगितले. जाणाऱ्याच्या तोंडून साधे कारण आले की ‘का गेली?’ हा प्रश्न बराचसा शमतो आणि ‘पुढे कोण?’ या प्रश्नाला मोकळे मैदान मिळते.

उलट उदाहरण कॉलिन बेकर यांचे. १९८६ साली बीबीसीने त्यांना काढले आणि निरोपापुरते एका कथेसाठी या, असे सुचवले. त्यांनी नकार दिला. १९८७ साली कायापालट दाखवायची वेळ आली, तेव्हा सिल्व्हेस्टर मॅकॉय यांना कुरळ्या केसांचा टोप घालून जुना डॉक्टर म्हणून जमिनीवर पालथे पाडावे लागले. माणसाला मानाने निरोप देता आला नाही, तर पात्राचा निरोपही नीट होत नाही; ते काही सेकंद हेच सांगतात.

म्हणून दोन्ही बाजूंचा तोल आम्हाला असा दिसतो. भूमिकेबद्दलचा अंदाज खुला असावा: कोण शोभेल, कथेला काय हवे, डॉक्टर कोणत्या दिशेने जावा, यावर कडाक्याने भांडावे. माणसाबद्दलचा अंदाज, म्हणजे तो का जातोय, कोणाशी बिनसले, किती मागितले, हा मात्र त्याने तोंड उघडेपर्यंत बंद असावा. संस्थेने एकतर खरे बोलावे किंवा गप्प राहावे. दुसऱ्याच्या तोंडी शब्द घालू नयेत. कोड्याची मजा कथेत ठेवावी. पायपर यांच्या नावापुढची रिकामी जागा कथेचे कोडे असेल तोवर ती रास्त आहे. मालिकेच्या भवितव्याबद्दलच्या प्रश्नांचे उत्तर मात्र तेवढ्यावर भागत नाही.

चाहत्यांना हा संयम पेलणार नाही, असे समजण्याचे कारण नाही. मे २०१३ मध्ये ‘द नेम ऑफ द डॉक्टर’ हा भाग असलेल्या डिस्क चुकून अमेरिकेतल्या २१० ग्राहकांकडे प्रसारणाआधीच पोहोचल्या. त्या भागाच्या अखेरीस जॉन हर्ट यांच्या रूपात एक अज्ञात डॉक्टर प्रकट होणार होता, म्हणजे वर्षातले सर्वांत मोठे गुपित त्या घरांत पडून होते. कृपया फोडू नका, अशी विनंती निर्मात्यांनी केली. ते फुटले नाही. १८ मे रोजी प्रेक्षकांनी तो चेहरा पाहिला, तेव्हा तो त्यांच्यासाठी खरोखर नवा होता.