कुबट वास आणि आमची उदबत्ती

आमचं न्यू जर्सीतलं घर जुनं, शंभरीच्या घरातलं. जमीन लाकडी, आणि तिच्याखाली माणूस जेमतेम रांगेल एवढी मातीची पोकळी. इथे तिला क्रॉल स्पेस म्हणतात. गेल्या जुलैत धाकटी नात दारातच नाक मुरडून म्हणाली, "आजी, ओल्या मोज्यांचा वास येतोय." मला काहीच येत नव्हता. वयाबरोबर वास घेण्याची शक्ती कमी होते, हे मी रुग्णांना जन्मभर सांगत आले. स्वतःवर आलं तेव्हा मात्र राग आला. मी उदबत्ती लावली.

ह्यांना तेव्हा खोकला होता. काढा, वाफारा, औषधाची बाटली, सगळं झालं. मुलाकडे आठ दिवस राहिलो तर खोकला कमी. घरी आलो की पुन्हा सुरू. नर्स असून मला कळायला दोन महिने लागले!

घरातली ओल आणि बुरशी यांचा खोकल्याशी, छातीतल्या घरघरीशी आणि दमेकऱ्यांचा त्रास वाढण्याशी संबंध आहे, असा अहवाल अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००४ सालीच दिला होता. म्हणून "जुन्या घराला वास यायचाच" हे आपल्या मंडळींचं म्हणणं मला पटत नाही. वायिक्राच्या १४व्या अध्यायात घराला चट्टे पडले तर कोहेन आधी घर रिकामं करवतो, सात दिवस बंद ठेवतो, चट्टे पसरले असतील तर ते दगड काढायला लावतो. धूप घालून मोकळा होत नाही.

पहिल्या कारागिराने भर उन्हाळ्यात खालच्या झडपा उघडून पंखा लावला. वास दुप्पट झाला. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो ना, तसंच बाहेरची दमट हवा आत जाऊन गार तुळयांवर पाणी धरत होती. दुसऱ्याने आधी छपराच्या पन्हाळीचं पाणी पायापासून लांब नेलं, मातीवर जाड प्लास्टिक अंथरलं, झडपा बंद केल्या आणि हवेतला दमटपणा शोषणारं यंत्र ठेवलं. वर मी आर्द्रता मोजणारं स्वस्तातलं घड्याळ टांगलंय. ३० ते ५० टक्के उत्तम, ६०च्या वर जाऊ देऊ नये.

बुरशी डोळ्यांना दिसत असेल तर महागड्या चाचण्यांची बहुधा गरज नसते. पाणी कुठून येतं ते शोधण्यावर पैसे घाला. आणि कृपा करून स्वतः खाली रांगू नका, दम्याच्या माणसाने तर मुळीच नाही. एक मात्र लक्षात ठेवा: सडक्या अंड्यासारखा वास आला तर तो ओलीचा समजू नका. गॅस असू शकतो. दिव्याचं बटणसुद्धा न दाबता बाहेर पडा आणि बाहेरून फोन करा.

नातीला आता मी दर महिन्याला विचारते, "येतो का गं वास?" तिचं नाक माझ्यापेक्षा खरं. ह्यांचा खोकला पुरता गेलेला नाही, पण रात्री उठून बसावं लागत नाही.