टाकाऊ पिंप आमच्याच वाडीला का?

उन्हाळा लागला की कोकणातल्या डोंगरउतारावरच्या बौद्धवाड्यांत संस्थांचे लोक येतात आणि ‘टाकाऊतून टिकाऊ’चा मंत्र देतात. जुनं पिंप आणा, पडक्या घराचे चिरे आणा, भंगारातली नळी आणा, झऱ्यावर बंदिस्त टाकी बांधा. फोटो निघतात, कौतुक होतं. माझा विरोध टाकीला नाही, या कौतुकाला आहे.

टाकी कामाचीच आहे. उघड्या झऱ्यात गुरं शिरतात, पावसाचं गढूळ पाणी मिसळतं आणि वाडीत जुलाब सुरू होतात. म्हणून पाणी फुटतं तिथपर्यंत खणायचं, टाकीची मागची बाजू पाण्यासाठी मोकळी ठेवून तिथे धुतलेली खडी भरायची, वर घट्ट झाकण. तळाशी गाळ काढायची नळी, थोडी वर पिण्याच्या पाण्याची, त्याहून वर जादा पाण्याची. ही शेवटची नळी बुजवू नका. पाणी तुंबलं तर झरा दुसरी वाट काढतो. वरच्या अंगाला चर आणि कुंपण हवंच. चिरे जुने चालतील, पण पिंप खाद्यतेलाचंच हवं. कीटकनाशकाचं पिंप कितीही धुतलं तरी नको.

आता मूळ प्रश्न. गावठाणात सिमेंटची नवी टाकी आणि आपल्या वाडीला भंगार, असं का? फुटकी भांडी, उतरलेले कपडे, उष्टं अन्न हेच आपल्या वाट्याला, ही मनुस्मृतीची वाटणी होती. मार्च १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावला, त्याच परिषदेत मेलेलं मांस आणि उष्टं सोडायलाही सांगितलं. पाणी आणि स्वाभिमान त्यांनी वेगळे केले नाहीत.

काही कार्यकर्ते म्हणतात, हक्क मिळेपर्यंत तहानलेलं राहायचं का? अजिबात नाही. टाकी आजच बांधा. पण महाड विसरू नका. बोले ठराव १९२३ चा, नगरपालिकेचा ठराव १९२४ चा, तरी तळ्यावर जावं लागलं, मार खावा लागला आणि कोर्टाचा अंतिम निकाल यायला १९३७ उजाडलं. कागद असूनही एवढं झालं. मग कागदच नसेल तर? झरा दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर असेल तर उद्या वाट बंद होईल आणि तुमच्या श्रमाची टाकी त्याची होईल.

म्हणून फावडं उचलण्याआधी जमीनमालकाची लेखी संमती आणि ग्रामसभेचा ठराव घ्या. त्याच ठरावात लिहून घ्या की ही सोय तात्पुरती आहे, हिला नळजोडणी म्हणून मोजायचं नाही. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर ठरलं आहे. ते आपल्या वाडीलाही लागू आहे. पाणी तपासणीचा अहवाल मागा. नाही दिला तर माहिती अधिकारात अर्ज टाका.

भंगार वापरायचं की नाही हे आपण ठरवू. आपल्यासाठी भंगार पुरे, हे दुसऱ्या कुणी ठरवायचं नाही.

जय भीम!