कादंबरी, चित्रपट आणि ‘मात्र’ हा शब्द

कादंबरीवरून निघालेल्या चित्रपटाविषयी आपल्याकडे साधारणपणे दोनच निकाल दिले जातात. ‘पुस्तकच चांगले होते’ हा एक आणि ‘चित्रपट पाहिला, आता पुस्तक कशाला?’ हा दुसरा. पहिला वाचणारे देतात, दुसरा न वाचणारे. तुलना दोन्हींत नाही. सीमाभागातील मराठी मुलांकडून कादंबरी आणि तिच्यावरील चित्रपट यांतील साम्यभेद सांगणारे परिच्छेद नियमाने लिहून घेतले जावेत, असे आमचे मत आहे. ते परीक्षेतील गुणांपुरते नाही.

उदाहरण म्हणून आनंद यादव यांची ‘नटरंग’ घ्यावी. यादव कागलचे. महामार्गाने कागल मागे टाकले की थोड्याच वेळात निपाणी येते. मध्ये राज्याची सीमा आहे, बोलीची नाही. या कादंबरीवर रवी जाधव यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट २०१० च्या पहिल्या दिवशी प्रदर्शित झाला. त्यात गुणाची भूमिका करणारे अतुल कुलकर्णी जन्माने बेळगावचे. चित्रपट आपल्याकडे घरोघरी पाहिला गेला, अजय-अतुल यांची गाणी वरातीत वाजली. कादंबरी मात्र किती घरांत उघडली गेली, हे विचारण्याचे धाडस आम्ही करीत नाही.

या जोडीवर विद्यार्थ्याने काय लिहावे? बहुतेक जण आधी कादंबरीचे कथानक सांगतात, मग चित्रपटाचे, आणि शेवटी ‘अशा प्रकारे दोन्ही सुंदर आहेत’ म्हणून मोकळे होतात. ही दोन सारांशांची शेजारशेजारची बिऱ्हाडे झाली. त्यांच्यात बोलणेचालणे नाही. एक मुद्दा धरावा आणि त्या एकाच मुद्द्यावर दोघांना समोरासमोर उभे करावे. उदाहरणार्थ, असे:

‘पैलवानी देहाच्या गुणाला तमाशासाठी नाच्या व्हावे लागते, हा दोन्ही कलाकृतींचा गाभा आहे. कादंबरीत तो देह वाचकाला शब्दांवरून कल्पावा लागतो. त्यामुळे गुणाची ओढाताण आधी मनाची वाटते आणि देहाची नंतर. चित्रपटात मात्र देहच आधी दिसतो. नटाने कमावलेले आणि मग उतरवलेले शरीर पडद्यावर असल्यामुळे गुणाने काय गमावले, ते एकाही वाक्याशिवाय कळते. चित्रपटाला जे एका दृष्टिक्षेपात साधते, त्याला कादंबरी अनेक पाने घेते. पण त्या पानांत गुणा स्वतःशी काय बोलतो ते ऐकू येते, आणि ते पडद्याला सहजी साधत नाही.’

हा परिच्छेद काही थोर नाही. तरीही त्यात ‘मात्र’, ‘त्यामुळे’, ‘पण’, ‘जे-त्याला’ हे शब्द खऱ्या कामाला लागले आहेत. आमच्याकडील मुलांच्या मराठीतून नेमके हेच शब्द गळत चालले आहेत. नामे त्यांना येतात, क्रियापदेही येतात. विचारांचे सांधे जुळविण्याची वेळ आली की ती इंग्रजीकडे किंवा कन्नडकडे वळतात. जी भाषा केवळ घरात विचारपूस करण्यापुरती उरते, तिला असे सांधे लागत नाहीत. वाद घालायला, तोलायला, फरक करायला ते लागतात.

आमचा व्यवसाय वकिलीचा. पूर्वीचा एखादा निवाडा आपल्या पक्षकाराच्या विरुद्ध जात असेल, तर ‘तो वाईट आहे’ म्हणून न्यायालयात भागत नाही. दोन्ही प्रकरणांत समान काय आहे ते आधी मान्य करावे लागते. मग कोणती वस्तुस्थिती वेगळी आहे आणि त्या वेगळेपणाने निकाल का बदलावा, हे दाखवावे लागते. समान पाया न सांगता दाखविलेला भेद कोणी ऐकून घेत नाही. परिच्छेदालाही आम्ही हाच न्याय लावू.

‘नटरंग’मधील सर्वांत मोठा भेद शेवटाचा. कादंबरी शोकान्त आहे. चित्रपट गुणाला अपमानाच्या पलीकडे, थेट जीवनगौरवाच्या सन्मानापर्यंत नेतो. आमचा कल कादंबरीकडे आहे. कलावंताला समाजाने काय दिले, या प्रश्नाला पुरस्काराचे उत्तर फार सोयीचे वाटते. परंतु एखाद्या मुलीने याच्या नेमके उलट लिहिले, आणि पडद्यावरचा शेवट गुणाच्या जिद्दीशी अधिक सुसंगत का आहे ते चित्रपटातील प्रसंगांनिशी दाखविले, तर तिला आम्ही पूर्ण गुण देऊ.

बोलीचा मुद्दा आमच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा. कादंबरीतील माणसे ज्या वळणाचे बोलतात, ते निपाणी-चिकोडीकडच्या मुलांच्या घरचे वळण आहे. शाळेत हीच भाषा त्यांना ‘अशुद्ध’ म्हणून खोडून दिली जाते. चित्रपटातील बोली सगळ्या महाराष्ट्राला कळावी अशी थोडी घासूनपुसून घेतलेली वाटते. चित्रपटातील एक संवाद आणि कादंबरीतील एक संवाद शेजारी लिहून काढला, तर कोणता आपल्या आजीच्या तोंडचा आहे हे मुले क्षणात सांगतील. तेथे ती परीक्षार्थी राहत नाहीत, जाणकार होतात.

यावर आक्षेप येतो की चित्रपटाची कुबडी कशाला. सरळ कादंबरीच वाचायला लावावी. लावून पाहावे. ज्या मुलाचे सारे शिक्षण दुसऱ्या माध्यमातून झाले, त्याला दोनशे पानांची मराठी कादंबरी एकदम हाती देणे म्हणजे पोहता न येणाऱ्याला कृष्णेच्या पुरात लोटणे. ओळखीचे कथानक धीर देते.

राज्यघटनेच्या ३५०अ या अनुच्छेदाने प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी सांगितल्या आहेत. त्यांच्यासाठीचा आग्रह सुटता कामा नये. सीमाप्रश्नाचा दावाही २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. मात्र कोणताही हुकूमनामा आमच्या मुलांसाठी परिच्छेद लिहून देणार नाही.

जोड्यांना तोटा नाही. ग्वाल्हेरच्या वाचकांनी ‘श्यामची आई’ घ्यावी. आचार्य अत्रे यांच्या १९५३ च्या चित्रपटातील आई, वनमाला, यांचे त्या शहराशी जन्मभराचे नाते होते. साने गुरुजींच्या बेचाळीस रात्रींपैकी अत्र्यांनी काय ठेवले, काय गाळले आणि छडीच्या गाण्यासारखे काय पदरचे घातले, एवढ्यावर तीन परिच्छेद सहज होतात. हैदराबादकरांनी चिं. त्र्यं. खानोलकरांची ‘कोंडुरा’ पाहावी. कोकणातली ही मराठी कादंबरी त्याच शहरात वाढलेल्या श्याम बेनेगल यांनी हिंदी आणि तेलुगू अशा दोन भाषांत पडद्यावर नेली. तेथे तुलना दुहेरी नव्हे, तिहेरी होते. ‘सिंहासन’ मात्र पहिल्याच प्रयत्नाला घेऊ नये. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांतून तेंडुलकरांनी त्याची एकच पटकथा केली आहे, आणि कोणता प्रसंग कोठून आला हे शोधण्यातच नवशिक्याचा सारा वेळ जाईल.