एका गोलाचे कौतुक

9 ऑक्टोबर 2017. दिल्लीच्या नेहरू स्टेडियमवर जिक्सन सिंगने कॉर्नरवर आलेला चेंडू डोक्याने कोलंबियाच्या जाळ्यात धाडला. विश्वचषकातला भारताचा पहिला गोल! घराघरांत टीव्हीसमोर टाळ्या पडल्या. पुढच्याच मिनिटाला कोलंबियाने विजयी गोल मारला, तो मात्र आपल्याला आठवत नाही.

यजमान म्हणून जागा मिळालेला आपला सतरा वर्षांखालील संघ तिन्ही सामने हरला. अमेरिकेशी 0-3, कोलंबियाशी 1-2, घानाशी 0-4. म्हणजे आपली पोरे कच्ची, असे म्हणून मोकळे व्हायचे का? 1974 मध्ये बँकॉकला शब्बीर अलींच्या संघाने इराणला 2-2 असे रोखून आशियाई युवा विजेतेपद वाटून घेतले होते. 2018 मध्ये वीस वर्षांखालील संघाने स्पेनमध्ये दहा खेळाडूंनिशी अर्जेंटिनाला 2-1 हरवले. त्याच वर्षी सोळा वर्षांखालील मुले आशियाई उपांत्यपूर्व फेरीत कोरियाकडून एका गोलाने हरली. जिंकती तर विश्वचषकात स्वबळावर जाती.

घोडे अडते ते पुढे. सतराव्या वर्षी चमकलेल्या मुलाला विशीपर्यंत वर्षभर चुरशीचे सामने हवेत. त्यासाठीच महासंघाने ‘इंडियन ॲरोज’ हा तरुणांचा संघ लीगमध्ये उतरवला होता. 2022 मध्ये तोही गुंडाळला. 2017 च्या संघात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. तिथे पेठापेठांतून पोरे आजही चेंडूमागे धावतात. आणि दहावी आली, की किती घरांत बूट माळ्यावर जातात!