कुलूप

गेल्या शनिवारी टीममधल्या एका देसी मित्राकडे जेवायला गेलो होतो, डॅलसजवळ. बोलता बोलता कळलं की साहेबांचं पिस्तूल बेडरूमच्या ड्रॉवरमध्ये असतं. भरलेलं. "चोर आल्यावर कुलूप उघडत बसू का?" मुलगा पंधरा वर्षांचा, शेजारच्याच खोलीत. आणि हा माणूस प्रॉडक्शनचा पासवर्ड बायकोलाही सांगत नाही!

म्हटलं, अरे, चोराचं सोड. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. त्या वयात ती लाट कधीकधी काही मिनिटांचीच असते. तेवढ्यात हाताशी काय आहे, यावर बरंच ठरतं. "ज्याला करायचंय तो करतोच" हे आपलं लाडकं वाक्य मला अजिबात पटत नाही. इस्रायली लष्कराने २००६ मध्ये सैनिकांना सुट्टीवर जाताना रायफल तळावरच ठेवायला लावली, तर तरुण सैनिकांच्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या. 

पिस्तूल रिकामं करून तिजोरीत, गोळ्या वेगळ्या कुलपात. आणि पोराशी बोलायचं, ते तर आहेच.

तो गप्प बसला. मला वाटलं, मैत्री गेली. काल फोन आला, "तिजोरी आणली. कोड काय ठेवू?"

म्हटलं, पोराचा वाढदिवस सोडून काहीही.